पट्ट्यातला झोळ

गाडी भंगारात काढायचं दिरानं परस्पर ठरवूनही टाकलं. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून दुसरी किल्ली खिशात घातली आणि वर सांगतो कसा, "वहिनी, टायमिंग बेल्टला भेगा गेल्यात. तो तुटला की इंजिन खलास. एवढ्या जुन्या गाडीला गॅरेजवाला हात लावत नाही. आता घरी बसून शिवा."

घरी बसून! शिवणवालीचा डावा पाय जन्मापासून अधू. क्लच दाबण्यापुरता चालायचा, पण शंभर पावलं टाकली की कमरेतून कळ यायची. मापं घ्यायला, कपडे पोचवायला गाडी होती म्हणून बाई गावभर हिंडत होती. गाडी गेली की ती घरात कोंडली जाणार, हे दिराला कळत नव्हतं थोडंच.

"हात लावत नाही तर नको लावू म्हणावं. माझे हात काय गहाण पडलेत?"

"तुम्ही बेल्ट बदलणार? गाडी सुरू झाली तर मिशी उतरवीन!"

"बघा हं, शब्द दिलात."

रविवारी सकाळी तिनं अंगणात जुनी चादर अंथरली. विकत आणलेला नवा पट्टा, गोटी पान्यांचा डबा, रिंग पाने, जॅक, चाकाखाली लावायला ठोकळे आणि बोल्ट नेमका किती आवळायचा ते दाखवणारा, शेजारच्या फिटरकाकांकडून मागून आणलेला टॉर्क पाना. खुणा करायला तिचा शिवणाचा खडू होताच. आधी तिनं बॅटरीची वायर काढली, मग चाक उतरवलं. खालच्या पुलीचा बोल्ट मात्र हलेना. तिनं गाडी गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकवर सासूबाईंना बसवलं.

"अगं, अजून दाबू का?"

"दाबा आई, कुणाचा तरी गळा समजून दाबा!"

पान्याला लांब पाइप घालून तिनं सगळा भार टाकला, तेव्हा कुठे मेला सैल झाला. तिनं गिअर काढला, पट्टा ज्यांवर फिरतो त्या वरच्या-खालच्या दोन्ही चक्रांच्या खुणा जुळवल्या, त्यांवर खडू ओढला, जुना पट्टा उतरवून नवा चढवला आणि ताण दिला. मग किल्लीला हात न लावता पान्यानं इंजिन हळूहळू दोनदा फिरवलं. खालची खूण जागेवर आली, पण वरची एका दात्यानं हुकली.

दीर खुर्ची टाकून बसलाच होता. "झालं? मी काय म्हणत होतो? आता तरी ऐका."

असंच सुरू केलं असतं तर इंजिनाचं वाटोळं झालं असतं. पण आवाज तिनं जराही उतरू दिला नाही. "भावजी, तीस वर्षं शिवतेय. त्यातली निम्मी उसवण्यात गेली. उसवायची मला लाज नाही."

पट्टा पुन्हा उतरला. तिनं बोटानं चाचपून पाहिलं. चुकीच्या बाजूला झोळ राहिला होता, बाहीत राहतो तसा. या खेपेला ती सरळ बाजू ताणून धरत गेली आणि झोळ पट्टा ताणणाऱ्या पुलीकडे सारला. दोन फेरे मारले. खडूच्या रेघा एकमेकींसमोर येऊन थांबल्या. तिनं आणखी दोन फेरे मारले. तिची तिलाच खात्री हवी होती.

मग तिनं सगळं जोडलं, गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, कुरकुर नाही की काही नाही. सासूबाईंनी ओट्यावरून लेकाला हाक मारली, "अरे, वस्तरा आणू का रे?"

दिराचा हात आपसूक मिशीवर गेला. शिवणवालीनं काच खाली केली आणि काळाकुट्ट तळवा त्याच्यापुढे धरला.

"मिशी राहू द्या, भावजी. किल्ली द्या."