आधी धुऊन आलेले पाय

"अगं, असे पाय घेऊन बसलीस? आधी धुऊन तरी यायचंस!"

पाळकीणबाई हे मोठ्यानं बोलल्या. भरल्या प्रार्थनाघरात. मी बारा जणांच्या रांगेत खुर्चीवर बसले होते, अनवाणी. उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, आदला दिवस. येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून त्या दिवशी आमचे पाळक गुडघ्यावर बसून बारा जणांचे पाय धुतात. गेल्या वर्षी त्या बारा जणांत माझं नाव होतं. सत्तरी ओलांडल्यावर, पहिल्यांदाच.

माझी चूक सांगते. मी पाय धुतले नव्हते. धुवायलाच बोलावलंय, तर आधी कशाला धुवायचे? आमचा पाडा खोडाळ्याच्या पुढं, डोंगराच्या कडेला. विहीर खाली दरीत. हंडा डोक्यावर घेऊन चढताना तीनदा दम घ्यावा लागतो. उन्हाळ्यात ते पाणी पायांवर दोनदा ओतणारी बाई आमच्याकडे वेडी ठरते. त्या दिवशीचं धुण्याचं पाणीही आम्ही बायांनीच आणलं होतं. त्यात माझे दोन हंडे. हंडे उतरवले आणि तशीच जाऊन बसले. पायांना दरीतली माती.

बाकीचे अकरा जण साबणानं पाय धुऊन आले होते. अशी रीत असते हे मला कोण सांगणार?

माझे पाय देखणे नाहीतच. टाचांना भेगा. वीटभट्टीवर भाजून दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. बाईंनी ती बोटं बघितली. मग मुंबईहून आलेल्या पाहुण्यांकडे बघितलं. त्यांच्या हातात मोबाईल. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फोटो निघणार आहेत, आजी. ऊठ तू. तू पाणी ओत."

माझ्या खुर्चीवर जव्हारहून आलेल्या एका मास्तरीणबाईंना बसवलं. नखांना गुलाबी रंग. मागं कोणीतरी फिसकन हसलं. पाळक कमरेला टॉवेल बांधून उभे होते. सगळं बघत होते.

मी तांब्या घेतला आणि ओतलं. बारा जणांच्या धुतलेल्या पायांवर, मीच वर आणलेलं पाणी. त्यांनी उठवलं ही त्यांची लाज. मी ओतलं ही माझी. ती अजून माझ्याजवळ आहे.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर माझी मैत्रीण सोमी म्हणाली, "बरं झालं बाय, उठवलं तुला. तुझे पाय धुतले असते तर परातीत गाळ बसला असता. आपण नागली पेरली असती त्यात!"

बाया हसल्या. मीही हसले. मग माझं हसू थांबलं.

मी चौथी शिकलेय. माझ्या वयाच्या बायांत वाचता येणारी मी एकटी. विहिरीत पाणी झिरपेपर्यंत बसावं लागतं, तेव्हा मीच त्यांना बायबल वाचून दाखवते. त्या दिवशी पाय धुण्याचा तोच अध्याय काढला. शब्दावर बोट ठेवून, सावकाश वाचला. आंघोळ झालेल्याचेही पाय धुवावे लागतात, असं येशू म्हणतो. पाय आधी धुऊन या, असं तो कोणालाच म्हणत नाही. पुन्हा वाचला. नाहीच.

आणि आमचे पाळक दर रविवारी काय सांगतात? "तुम्ही लोक वचन नुसतं ऐकता. या कानानं घेता, त्या कानानं सोडता. तसं वागत कोणी नाही." वीस वर्षं मान खाली घालून हे ऐकलं. वाटायचं, खोट आपल्यातच असणार. त्या दिवशी कळलं. जसं ऐकलं तसं वागले ती मी. मळके पाय घेऊन विश्वासानं जाऊन बसले. नुसतं ऐकणारे ते.

यंदा तो गुरुवार जवळ आला तसा निरोप आला, पाणी भरून ठेवा. एकाही बाईनं हंडा उचलला नाही. मग पाळक स्वतः पाड्यावर आले. माझ्या ओटीवर बसले.

"आजी, झालं ते झालं. क्षमा करायला शिकवलंय ना आपल्याला?"

"मागणाऱ्याला क्षमा करतात. तुम्ही पाणी मागायला आलात."

"मग तुझं म्हणणं तरी काय?"

"टॉवेल घेऊन विहिरीवर या. भर दुपारी. पाहुणे नकोत, मोबाईल नको. खडकावर गुडघे टेका आणि आमचे पाय धुवा. बाईंनाही आणा. तांब्या त्या धरतील."

आत सोमी होती. ती खोकली की हसली, कळलं नाही. पाळक उठले. "गर्व चढलाय तुला," म्हणाले आणि गेले.

विहिरीवर आले नाहीत. जव्हारहून टेम्पोनं पाण्याचे जार आणले. पण यंदाच्या बारा जणांत आमच्या पाड्यातल्या सात बाया निवडल्या होत्या, त्यांतली एकही गेली नाही. सात खुर्च्या रिकाम्या. त्यांचे फोटो कोणी काढले असतील तर मला बघायचेत.

मी प्रार्थनाघर सोडलेलं नाही. का सोडू? येशू काही पाळकांच्या घरचा नाही. दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाते. पहिल्या रांगेत सतरंजीवर बसते आणि पाय पुढं पसरते, थेट त्यांच्यासमोर. मातीसकट. एकदा बाई म्हणाल्या, "पाय जवळ घे."

"गुडघे दुखतात," म्हटलं. दुखत नाहीत.

पाळकांनी पुस्तकातून डोळे वर केले की आधी माझ्या टाचा दिसतात. आम्ही वचनासारखं वागत नाही हे बोलणं त्यांनी बंद केलंय. माझं तेवढ्यावर भागत नाही.

सोमीला आणि सुनांना सांगून ठेवलंय. मेले की आंघोळ घाला, नवं लुगडं नेसवा. पाय धुवायचे नाहीत. पेटीत तशीच ठेवा, पाय उघडे. प्रार्थना म्हणायला पाळकांनाच यावं लागेल. शेजारी तांब्याभर पाणी ठेवा, आपल्या विहिरीचं. सगळ्यांच्या देखत त्यांनी धुतले तर धुतले. नाहीतर हेच पाय घेऊन मी वर जाईन. कोणी धुतले नाहीत, ते तिथं नाव घेऊन सांगेन.