बालवाडीच्या बाईंविरुद्धचा अर्ज

त्या अर्जात एकही वाक्य खोटं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मी अंबडला कोर्टासमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. लोक गाऱ्हाणं बोलतात, मी ते सरकारी भाषेत बसवतो. या धंद्यात काय लिहायचं याच्याइतकंच काय गाळायचं हेही शिकावं लागतं. चर्चच्या आवारातल्या बालवाडीच्या बाईंविरुद्ध मी अर्ज केला तो कुणाच्या सांगण्यावरून नाही. गाऱ्हाणं माझं होतं, अक्षर माझं होतं, आणि जे गाळलं ते मी जाणूनबुजून गाळलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता मी स्वतःला सोडवून घेईन. तशी सवय आहे.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. घरात तिची टकळी अखंड चालायची, पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की तोंड बंद. पाहुण्यांसमोर नाही, दुकानात नाही, शेजारणीनं हातावर खाऊ ठेवला तरी नाही. बायको दवाखान्यात नर्स, मी दिवसभर कोर्टासमोर. म्हणून तिला चर्चच्या बालवाडीत घातलं. सकाळी बालवाडी आणि दुपारी तिथंच पाळणाघर, अशी सोय गावात दुसरीकडं नव्हती. गावातली सगळ्या जातिधर्मांची पोरं तिथं जायची.

बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाजाला मऊ. त्यांच्या वर्गात फळा होता पण वही नव्हती. पोरं सतरंजीवर बसून चवळी आणि मका वेगळे करायची, एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात पाणी ओतायची, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाची बटणं लावायची-काढायची, परातीतल्या रेतीत बोटानं रेघा मारायची. पहिल्या महिन्यात मी विचारलं, "बाई, लिहायला कधी घेणार?"

"बोटात जोर आल्याबिगर मी पेन्सिल देत न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "घाई करू नका. पोरगी कुठं पळून चालली?"

मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "धान्य निवडायला घरी सूप कमी होतं का?" ती हसली नाही. म्हणाली, "ती तिथं रडत न्हाई. मला तेवढं पुरे."

डबा खाण्याआधी प्रार्थना असायची. हात जोडून, डोळे मिटून, अन्नाबद्दल देवाचे आभार. ती चर्चची प्रार्थना. पण तिच्यानंतर रोज एका पोराच्या घरची पाळी यायची. त्या घरी जेवणाआधी जे म्हणतात ते सगळ्यांनी म्हणायचं. त्यासाठी बाई वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या घरी जायच्या. आमच्याकडंही आल्या होत्या. पलंगाच्या कडेला बसल्या, मांडीवर जाड वही. लेकरू काय खातं, झोपताना काय ऐकतं, कशाला भितं, जेवणाआधी घरात काय म्हणतात, असं एकेक विचारून लिहून घेत होत्या. त्या पानाला त्या 'घरचं पान' म्हणायच्या. बायकोचं माहेर समर्थांच्या जन्मगावचं, जांब समर्थचं. मी ऐटीत म्हणालो, "आमच्यात श्लोक म्हटल्याबिगर घास तोंडात जात न्हाई, बाई." आणि सांगितला. त्यांनी तो उतरवून घेतला, वाचून दाखवला आणि विचारलं, "बराबर आहे ना? चुकीचं शिकवलं तर पोरगी मला रागवल." पोरगी तर तेव्हा त्यांच्याशी बोलतही नव्हती. आम्ही तिघंही हसलो.

चार महिन्यांनी एक दिवस मुलीला आणायला गेलो तर बाई फाटकापर्यंत पळत आल्या.

"भाऊ, आज बोलली! पाणी सांडलं म्हणाली. दोनदा म्हणाली!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "बरं झालं. पण ए बी सी डी कधी म्हणेल?"

हे वाक्य मला आजही झोंबतं. त्या वेळी मात्र मला ते फार व्यवहारी वाटलं होतं.

उन्हाळ्याच्या आधी मी तिला जालन्याला एका इंग्रजी शाळेत प्रवेशाच्या मुलाखतीला नेलं. खोलीत मॅडमनी नाव विचारलं. ती गप्प. रंग विचारले. गप्प. कोऱ्या कागदावर ए काढ म्हणाल्या, तर तिनं पेन्सिल बाजूला ठेवली आणि टेबलावरच्या वाटीतले मणी ओतून लाल एकीकडं, पिवळे एकीकडं लावायला बसली. "तयारी नाही हिची," मॅडम म्हणाल्या. बाहेर बाकावर आमच्याच गावचा एक पालक होता. त्यानं विचारलं, कुठल्या बालवाडीत होती? मी सांगितलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे बापरे! तिथं तर डाळ-तांदूळच निवडून घेतेत. पुढं खानावळ टाकायची का पोरीला?" सगळे हसले. मीही हसलो. एसटीत बसल्यावर तेच हसू सगळ्या अंगात विषासारखं भिनलं. अंबड येईपर्यंत माझा अर्ज डोक्यात तयार होता.

पहिला मसुदा साधाच होता. पूर्वप्राथमिक वर्गात लेखन-वाचन घेतले जात नाही, सबब चौकशी व्हावी. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे अर्जनवीस चष्मा वर करून तो वाचत म्हणाले, "ह्याच्यावर साहेब चहाचा कप ठेवतील. वजन टाका काहीतरी." म्हाताऱ्यांनी वजन टाका म्हटलं. काय टाकायचं ते मी ठरवलं. मी एक वाक्य वाढवलं: 'सदर बालवाडीत अन्य धर्मीय अजाण बालकांकडून दररोज हात जोडून व डोळे मिटून ख्रिस्ती प्रार्थना म्हणवून घेतली जाते.' आणि एक प्रत पोलीस ठाण्यात माहितीसाठी सादर, असं खाली लिहिलं.

प्रार्थनेचं मला काहीच वाटत नव्हतं. बालवाडीच्या दारातून मुलीचे जोडलेले हात पाहून मला कौतुकच वाटायचं. पण मुलगी शाळेच्या मुलाखतीत गप्प बसली म्हणून कुणी जागचं हलत नाही, आणि धर्माचं म्हटलं की सगळे हलतात, हे मला धंद्यानं शिकवलं होतं.

सह्या घ्यायला फिरलो. बहुतेकांनी न वाचताच केल्या. टायरचं दुकान असलेल्या एका बापानं मात्र हात पुसून कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

"भाई, हमारी बच्ची तो वहाँ बिस्मिल्ला बोलके खाती. सब बच्चे उसके साथ बोलते. वो कायको नै लिखे?"

"ते अर्जाच्या विषयात येत नाही," मी म्हणालो.

त्यानं कागद परत दिला. "फिर हमारी सही भी नै आती इसमें."

बायकोनंही सही केली नाही. एवढंच म्हणाली, "तुमाला लिहिता येतं म्हणून तुमी लिहून राह्यले. दुसरं काही कारण न्हाई."

आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब चौकशीला आले. त्यांच्या मागं मी कधी न पाहिलेली दहा-बारा माणसं आवारात शिरली. कुणीतरी बालवाडीच्या दारावर थाप मारत होतं, आत पोरं रडत होती. बाईंनी दार उघडलं, ती जाड वही साहेबांपुढं धरली आणि मला गर्दीत पाहून त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. आता साक्षीदार सापडला, असं वाटलं असेल त्यांना.

"साहेब, हे बघा. ह्यांच्या घरचा श्लोक मी ह्यांच्याच तोंडून लिहून घेतलाय. घरी गेल्ते मी ह्यांच्या. विचारा त्यांना."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय हो? सांगितला होता?"

मला आठवत होतं. पलंगाची कडा, वही, आम्ही हसलो ते, सगळं. मी म्हणालो, "मला काही आठवत नाही, साहेब."

बाईंनी वही मिटली.

साहेबांच्या अहवालात म्हणे विशेष काही नव्हतं. पण चर्चची समिती घाबरली. बाईंना सांगण्यात आलं, थोडे दिवस घरी राहा. ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. प्रार्थना बंद झाली. तिच्याबरोबर बिस्मिल्ला गेलं आणि आमचा श्लोकही गेला. तांबे, रेती, बटणांच्या चौकटी कपाटात गेल्या. दोन नव्या तरुण बाई आल्या आणि चार वर्षांच्या पोरांना चौकटीच्या वह्या मिळाल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं. मुलीनं पहिल्या दिवशी विचारलं, "पप्पा, बाई कुठं गेल्या?" मी म्हणालो, बदली झाली. पंधरा दिवसांनी ती बाहेर बोलायची बंद झाली, ती थेट तिसरीत पुन्हा बोलली. मधल्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी तिला मुकी म्हटलं, त्यांच्याशी मी भांडलो. भांडताना मला माझा आवाज फार खरा वाटायचा.

गेल्या दिवाळीनंतर टेबलावर एक माणूस आला. त्याला गावच्या अंगणवाडीसेविकेविरुद्ध अर्ज करायचा होता. भांडण घराच्या बांधकामावरून होतं, तेही त्यानं लपवलं नाही. म्हणाला, "तुमी मागं त्या बालवाडीवाला अर्ज लिहिल्ता ना? तिला हटवलंच की तुमी. बिलकुल तसाच लिहा." मी कागद पुढं ओढला, 'विषय' लिहिलं आणि पुढं हात चालेना. मी त्याला नाही म्हणालो. तो तिरमिरून शेजारच्या टेबलावर गेला. पाव तासात त्याचा अर्ज तयार झाला, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या नकारानं त्या सेविकेचं काहीच वाचलं नाही. कोर्टासमोर माझ्या नावाची कशी कीर्ती आहे, एवढं मात्र मला कळलं.

बाई अंकुशनगरला असतात असं बायकोला माहीत होतं. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. तिथल्या साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड कामगारांची लहान पोरं त्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सांभाळतात. मी गेलो तेव्हा पोरं झोपली होती. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"बोलती का आता?" हे त्यांनी पहिलं विचारलं.

"बोलते. सहावीत आहे."

"परत कधी बोलली?"

"तिसरीत."

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं. लई झाली हो लेकराला."

मी तिथंच माफी मागायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं, पोरं उठतील म्हणून. आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "इथं कोपऱ्यात सांगून तुमचं मन हलकं होईल. माझं काय? मला खोटी ठरवलं तुमी ते बालवाडीत, साऱ्या लोकांपुढं. मंग मी माफ केलं म्हणून तुमी घरी जाणार व्हय? सांगायचं तर तिथं सांगा. मी येते ऐकायला."

चर्चच्या पाळक साहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, भेटलो. "जुनं उकरू नका" असं एकदा म्हणाले, मग पालकसभेत दोन मिनिटं देतो म्हणाले.

गेल्या शनिवारी ती सभा झाली. खोली तीच, पण जुने पालक एकही नव्हते. सगळे नवे, तरुण, हातात मोबाइल. नव्या बाईंनी लेखनाचा सराव घरी कसा घ्यावा ते सांगितलं, एका आईनं गृहपाठ कमी पडतो अशी तक्रार केली, आणि मग मला बोलावलं. बाई दाराजवळ पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या, पदर घट्ट ओढून. माझ्याकडं बघत नव्हत्या. मी कोण, हेच लोकांना माहीत नव्हतं. कागद आणला नव्हता, त्यामुळं सुरुवात जमेना. मागं कुणीतरी घड्याळ पाहत होतं.

मी म्हणालो, "ह्या बाई इथं शिकवायच्या. त्यांच्या हाताखाली माझी मुलगी बोलायला लागली होती. मी त्यांच्याविरुद्ध अर्ज केला. सगळ्या धर्मांच्या प्रार्थना त्या म्हणवून घ्यायच्या, हे मला माहीत असून मी लिहिलं नाही. आमचा श्लोक मीच त्यांना सांगितला होता. साहेबांनी ह्याच दारात विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. बाई खऱ्या होत्या. त्यांचं काम माझ्यामुळं गेलं, आणि माझ्या मुलीचं बोलणंही माझ्यामुळंच गेलं. बाई, माझं चुकलं. मला माफ करा."