मेलमधून गळलेला मिक्सर

माझी थोरली बहीण विनोदिनी, आमची बाय, हिने बत्तीस वर्षं गोव्याच्या कोर्टात टायपिंग केलं. साक्षीदार कोंकणीत बोलायचा, न्यायाधीश ते इंग्रजीत सांगायचे आणि बाय खटखट टाइप करायची. घरी आली की म्हणायची, एक बाई अर्धा तास रडत बोलली आणि कागदावर चार ओळी उतरल्या. मी बसचा कंडक्टर. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही, माझ्या तिकिटावर तर तेवढंही नसायचं.

निवृत्तीनंतर तिच्या हातांना कंप सुटला. चहाचा कप धरवेना, मग टायपिंग कुठलं! पण हार मानेल तर ती बाय कसली? तिने फोनवर बोलून लिहायचं ॲप घेतलं आणि त्याला चांगलं वळण लावलं. व्हॉट्सॲपवर वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नको, कारण तो दिसला की माझ्या मुलीला, दीपाला, आत्या रागावली असं वाटतं. बाजाराची यादी एकाखाली एक. मेलचा नियम मात्र कडक: वर 'महोदय', खाली 'आपली विश्वासू', आणि मधलं अडखळणं, पाल्हाळ काढून वाक्य ठाम करायचं. या नियमाचा तिला भारी अभिमान. बघता बघता अर्ध्या पाळी गावाचे अर्ज आमच्या सोप्यावरून, म्हणजे ओसरीवरून, जायला लागले.

गावातलीच तारा एक दिवस आली ती चार वाजून गेल्यावर, धापा टाकत. आठ दिवसांपूर्वी तिच्या दाराशीच रिव्हर्स घेणाऱ्या खाणीच्या टिपरने तिच्या नवऱ्याला, जयरामला, धडक दिली होती. कंबरेचं हाड मोडून तो हॉस्पिटलात पडला होता. टिपर चालवणारा महेश सावंतवाडीकडचा, दोन मुलांचा बाप. तो शपथेवर सांगत होता की हॉर्न वाजवला. खाणवाल्यांची चौकशी त्या एका हॉर्नवर अडली होती. हॉर्न नव्हता असं ठरलं तर महेशची नोकरी जाणार, वर पोलीस केस. होता असं ठरलं तर सगळा दोष जयरामच्या माथी. जवळ दुसरं कोणी नव्हतं, एकटी तारा घरात होती. तिचं म्हणणं पाचच्या आत मेलने पोचायला हवं होतं.

तारा बोलत गेली. तिचं एकेक वाक्य बाय मराठीत फोनला सांगत गेली, एक शब्द इकडचा तिकडे न करता. वीस मिनिटांनी तिने फोन माझ्यापुढे सरकवला. "सुधीर, वाच."

मी वाचलं. महोदय, अमुक तारखेला अमुक वेळी. मग सरळ आलं, 'वाहनचालकाने हॉर्न वाजवला नाही.'

"वा! वकिलाक लेगीत अशें जमचें ना," मी म्हणालो.

बाय हसली नाही. "तारा, तुवें कितें सांगलें? परत सांग."

"हॉर्न म्हाका आयकुपाक आयलो ना. भितर मिक्सर चालू आशिल्लो. वाजयलो आसतलो, कोण जाणा. पूण म्हाका दिसता, वाजयलो ना."

"हेंच हांवें फोनाक सांगलें. तो मिक्सर खंय गेलो?"

मिक्सर पाल्हाळात गेला होता. 'मला वाटतं' हे अडखळण्यात गेलं होतं. तिच्या नियमाने आपलं काम चोख बजावलं होतं.

"आसूं दी तशेंच," तारा म्हणाली. "बरेंच जालें न्ही?"

मलाही तसंच वाटत होतं. आयता घास तोंडाशी आलेला, तो कशाला टाकायचा? चार चाळीस झाले होते.

"बत्तीस वर्सां आयकलें एक आनी टायप केलें दुसरें," बाय म्हणाली. "तेन्ना दुसरो सांगतालो. हो नेम म्हजो. तो बंद कर, सुधीर."

"हांव हात लावचो ना," मी म्हणालो आणि हाताची घडी घातली. तेव्हा मला मी फार व्यवहारी वाटलो.

मग तिने स्वतःच बोट पुढे केलं. नियम बंद करायचं बटण डाव्या कोपऱ्यात आणि 'पाठवा' उजव्या. बोट थरथरत एकदा इकडे, एकदा तिकडे. दोनदा ते 'पाठवा'वर पडता पडता राहिलं. मी हललो नाही. ताराही त्या बोटाकडे डोळे लावून बसली होती. ते उजवीकडे पडलं असतं तर तिचं काम झालं असतं.

बायने हात मागे घेतला. "तारा, मिक्सराक कितें लायिल्लें?"

"हुमणाचें वाटण. तांकां जेवपाक हुनहुनीत जाय न्ही... आनी महेशान तांकां उबारून गाडयेंत घाल्ले, तें आसा मगो? रडटालो तो."

मी फोन वर खाली करून पाहिला. महेशने जयरामला उचलून गाडीत घातलं, तेही त्यात नव्हतं.

"तेंय काडलें?" तारा उठली. मला वाटलं, आता रागाने फोनच हिसकावणार. ती बायच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचं थरथरतं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "खंय दामूं, बाय?"

बायने दाखवलं तिथे दोघींनी दाबलं आणि नियम बंद झाला. तारा पहिल्यापासून बोलली, बाय फोनला सांगत गेली. यावेळी मिक्सर आला, माशांच्या हुमणाचं वाटण आलं, 'वाजवला असेल, कोण जाणे' आलं, महेशचं रडणंही आलं. 'महोदय' तेवढे गेले. पाचला तीन मिनिटं असताना दोघींच्या हातांनी मिळून 'पाठवा' दाबलं.

आता दोष जयरामच्या वाट्याला येऊ शकतो हे ताराला दिसत होतं, तरी तिची पकड सुटली नाही. मी तिथेच, पुन्हा हाताची घडी घालून उभा होतो. त्याची लाज मला अजून वाटते.