बनशंकरीतले पाकिस्तानचे गोलकीपर

कृष्णातअण्णांना कुठल्याही विषयावर बोलतं करा, तिसऱ्या वाक्याला चेंडू मैदानात येतोच. बारशाला गेले तर पाळण्यातल्या बाळाचे पाय चाचपून "डावरा होणार हा, विंगला घाला" असं सांगून येतात. कुणाला बघायला दवाखान्यात गेले तर गुडघ्याच्या दुखण्यावर असं काही बोलत सुटतात की पेशंट बिचारा झोपेचं सोंग घेतो.

जन्म कोल्हापूरचा. तरुणपणी पेठेच्या संघाचे गोलकीपर. मग बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली, निपाणीच्या भाग्यलक्ष्मीशी लग्न झालं, बनशंकरीत घर झालं, आणि इतक्या वर्षांत त्यांची भाषा अर्धी कोल्हापुरी, पाव कानडी आणि उरलेली फुटबॉलची होऊन बसली. कारखान्यातलं कामही गोलकीपरचंच होतं. तयार झालेले सुटे भाग तपासायचे आणि वाकडा असेल तो अडवायचा. "हजार अडवले तरी कुणी नाव घेत नाही," ते म्हणत, "आणि एक सुटला की साहेब घरी फोन करतो."

तर हे अण्णा गेल्या वर्षी पाकिस्तानकडून खेळले. बनशंकरीतच, गणपतीसमोर.

झालं असं. त्यांच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी सजीव देखावा असतो. माणसंच पात्रं होतात, निवेदन आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं असतं, आणि ते सुरू झालं की त्याबरहुकूम हालचाली करायच्या. तोंडातून शब्द काढायचा नाही. आदल्या वर्षी समुद्रमंथन होतं. वासुकी म्हणून आणलेला बागेचा पाइप ऐन मंथनात तुटला आणि सगळे दानव मागे खुर्च्यांवर बसलेल्या महिला मंडळावर जाऊन पडले. त्यामुळे नव्या वर्षीच्या बैठकीत "काय करायचं?" असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा जो तो चहात बिस्किट बुडवायला लागला.

अध्यक्ष म्हणजे विश्वासराव. मूळचे पुण्याचे, संशोधन संस्थेतून निवृत्त, आवाज भारदस्त. निवेदन दरवर्षी त्यांच्याच आवाजात असतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या आवाजात असू शकतं हे त्यांच्या मनातही येत नाही.

अण्णांनी घसा साफ केला. "कोलंबो कप करू."

"फुटबॉल? गणपतीत?" विश्वासरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ऐकून तर घ्या की ओ! एकोणीसशे बावन्न साल. चार देश. आपण, पाकिस्तान, बर्मा आणि सिलोन, म्हणजे आत्ताची श्रीलंका. चौघंबी इंग्रजाच्या तावडीतनं नुकती सुटलेली. हेडमास्तर गेल्यावर एका गल्लीतली चार पोरं पहिल्यांदा आपली आपण खेळायला उतरली, असं समजा. पहिल्यांदा कोलंबोला खेळली, म्हणून कोलंबो कप. मग एकेकाच्या दारात. रंगून, कलकत्ता, ढाका. चार वर्षं चालली आणि बंद पडली. पुढं आशियाची मोठी स्पर्धा निघाली, हिला कोण विचारतंय?"

"आणि जिंकलं कोण?" एचएसआर लेआउटहून आलेल्या जितेंद्रनं विचारलं.

"चारी वेळा आपण."

बैठकीत जरा जीव आला.

"म्हणजे पहिल्यांदा अर्धा," अण्णा घाईनं म्हणाले. "भारत-पाकिस्तान शून्य-शून्य. कप वाटून घेतला. फाळणीला पाच वर्षंसुद्धा झाली नव्हती, बघा! आमच्या कोचनं हे मला सांगितलं तेव्हा मी गोलपोस्टला टेकून रडलो होतो. शून्य-शून्य म्हणजे काय चीज आहे ते गोलकीपरलाच कळतं. दोघांनीबी काही सोडलं नाही!"

ही स्पर्धा झाली तेव्हा अण्णा जन्मालाही आले नव्हते. पण सांगताना असं सांगायचे की कोलंबोच्या गोलमागे उभं राहून त्यांनीच चेंडू परत फेकले असावेत. दुसऱ्या कुणाला काही सुचत नव्हतं, पाइप सगळ्यांच्या लक्षात होता. ठराव मंजूर झाला. इतक्या वर्षांत मंडळानं अण्णांचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ. घरी जाताना ते रिक्षात बसले नाहीत, चालतच गेले.

भूमिका वाटायला बसल्यावर खरी गंमत सुरू झाली. सिलोन ज्येष्ठ नागरिकांनी घेतलं, कारण सिलोनला नुसतं उभं राहून टाळ्या वाजवायच्या होत्या. बर्मा महिला मंडळानं हिसकावून घेतला. रंगीत लुंगी आणि केसांत फूल म्हटल्यावर त्यांच्यातल्या वेदिकानं दुसऱ्याच दिवशी कापड आणलं. भारताच्या पाच जागांसाठी मारतहळ्ळीची सगळी आयटी फौज हात वर करून उभी. पाकिस्तानसाठी मात्र कुणी नाही.

"काका, माझी आई येणारे पुण्याहून," जितेंद्र म्हणाला. "तिच्यासमोर पाकिस्तान नको ना, प्लीज."

"मी होतो गोलकीपर," अण्णा म्हणाले. "माझी आई काय वरनं बघून रागवायची नाही. बाकीच्या चौघांचं बघा."

बाकीचे चौघं काही मिळेनात. शेवटी भाग्यलक्ष्मीवहिनींनी पदर खोचला. "सरी, ठरलं तर. जो पाकिस्तानात येईल त्याला रोज सरावानंतर माझ्या हातची मिरची भजी. भारताला बिस्किटं."

दुसऱ्या दिवशी पाकिस्तानकडे नऊ जण झाले आणि भारताकडे विराट नावाचा एकटा पोरगा उरला. जितेंद्र भजी खाता खाता म्हणाला, "आई समजून घेईल." वहिनींना मग भज्यांचा कायदा बदलावा लागला.

सराव जोरात चालला. मंडपासमोरच्या मोकळ्या जागेत बांबू आणि मच्छरदाणीचा गोल उभा राहिला. अण्णांनी भारताच्या पोरांचे बूट काढून घेतले. "तेव्हा आपली बरीचशी माणसं अनवाणीच खेळायची. पट्ट्या गुंडाळा." मारतहळ्ळीची मऊ पावलं खडीवर अशी नाचायला लागली की बघणाऱ्याला वाटावं हा भरतनाट्यमचा वर्ग आहे.

देखाव्याला आठवडा राहिला होता तेव्हा विराट अण्णांच्या घरी आला. दोन भजी खाल्ली, तिसरं हातात धरून बसला. हा मुलगा भारताचा फॉरवर्ड. चांगला खेळायचा.

"काका, तुम्हाला एक सांगायचंय. विश्वासकाकांनी शेवट परत रेकॉर्ड केलाय. मी गोल मारणार. भारत जिंकणार. वरून पाकळ्या पडणार."

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. चप्पल घातली आणि थेट विश्वासरावांचं दार गाठलं.

"अहो, बसा तरी," विश्वासराव म्हणाले. "हे बघा कृष्णातराव, यंदा शहरातल्या सगळ्या मराठी मंडळांच्या देखाव्यांची स्पर्धा आहे. परीक्षक येणार. लोक काय शून्य बघायला येतात? काहीतरी घडायला हवं ना!"

"घडलं नाही म्हणूनच तर ते घडलं! शून्य काय फुकट मिळतं होय? दोन माणसं शेवटपर्यंत जीव टाकतात तेव्हा मिळतं."

"खरा निकाल मलाही ठाऊक आहे. पण हा देखावा आहे, इतिहासाचा पेपर नाही. कमिटीनं ठरवलंय."

अण्णांनी जायला चपलेत पाय घातला. मग अगदी गोड हसले. भाग्यलक्ष्मीवहिनी तिथे असत्या तर ते हसू बघून त्यांनी लगेच विश्वासरावांना सावध केलं असतं.

"बरं. मारू दे त्याला. मी उभा आहेच."

"म्हणजे? तुम्ही अडवायचा नाही हं. चेंडू आत जायचाय."

"गोलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला असं सांगत नसतात, विश्वासराव."

त्या दिवसापासून घरच्या गच्चीवर वेगळाच सराव सुरू झाला. वहिनी टाकीपाशी उभ्या राहून टोमॅटो फेकायच्या आणि अण्णा दोन कुंड्यांच्या मध्ये झेपा घ्यायचे. सुरुवातीला घरात रोज टोमॅटोचं सार झालं.

"अय्यो, वय काय तुमचं? हाड मोडलं तर?"

"टाक गं तू. जरा वर टाक."

"एका शून्यासाठी एवढं?"

"भागी, जन्मभर मी जे अडवलं ते कुणाला दिसलं नाही. पेठेत नाही, कारखान्यात नाही. हे एकदा लोकांना दिसू दे."

वहिनींनी पुढचा टोमॅटो जरा जास्तच जोरात फेकला. तो अण्णांनी धरला.

देखाव्याच्या संध्याकाळी मंडपासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मराठी कुटुंबं होतीच, पण आजूबाजूच्या गल्ल्यांतली कानडी मंडळीही पोराबाळांसह आली होती. परीक्षक सुचेताबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आवाजाची यंत्रणा मंजुनाथची. त्याला मराठी फारसं कळत नाही, पण त्याच्या धंद्याची एक शिस्त आहे. पात्रांची हालचाल निवेदनाशी जुळली नाही, तर तो तुकडा पहिल्यापासून वाजवायचा. नाटकवाल्यांबरोबर राहून त्याला ही सवय लागलेली.

निवेदन सुरू झालं. सिलोननं टाळ्या वाजवल्या. बर्मा लुंगी सावरत एक फेरी मारून गेला आणि त्याला शिट्ट्या पडल्या. मग भारत-पाकिस्तान. हिरवा सदरा, पांढरी टोपी आणि हातमोजे घालून अण्णा मच्छरदाणीपुढे वाकून उभे राहिले.

विश्वासरावांचा आवाज घुमला, "आणि आता भारताचा फॉरवर्ड पुढे सरसावतो, नेम धरतो..." विराटनं पट्ट्यांच्या पायानं चेंडू मारला. चांगला मारला, कोपऱ्यात.

अण्णांनी झेप घेतली.

"गोऽऽल! मैदान जल्लोषानं दुमदुमलं!" कर्णा ओरडला. वरून पाकळ्यांची बादली रिकामी झाली. आणि पाकळ्यांच्या खाली अण्णा चेंडू पोटाशी धरून आडवे पडलेले.

मग मागून एक जण खो खो हसला आणि ते हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं.

मंजुनाथनं विश्वासरावांकडे बघितलं. "सर, मत्ते हाक्ला?" म्हणजे, परत लावू का? उत्तराची वाट न बघता त्यानं लावलंही.

"आणि आता भारताचा फॉरवर्ड पुढे सरसावतो..." विराट पुन्हा सरसावला. यावेळी दुसऱ्या बाजूला. अण्णांनी बोटांच्या टोकांनी चेंडू बांबूबाहेर ढकलला. "गोऽऽल!" कर्णा म्हणाला. आता पाकळ्या संपल्या होत्या, म्हणून वरच्या पोरानं नुसतीच बादली हलवली.

"अज्जा! अज्जा!" कानडी पोरं ओरडायला लागली. आजोबांच्या नावाचा तो गजर बघता बघता सगळ्या गर्दीनं उचलला. जितेंद्रची पुण्याची आई खुर्चीवर उभी राहून पाकिस्तानच्या गोलकीपरसाठी टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्यांदा निवेदन लागलं तेव्हा विश्वासरावांचा धीर सुटला. आरतीसाठी नेसलेलं सोवळं तसंच सावरत ते मैदानात उतरले. "सरक रे," असं विराटला म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजातलं "नेम धरतो" ऐकत त्यांनी नेम धरला. चेंडूला लाथ लागली ती निम्मी. उरलेली सोवळ्याच्या निऱ्यांना लागली. चेंडू गडगडत, विचार करत करत अण्णांपाशी आला. अण्णांनी वाकून तो उचलला, पुसला आणि अदबीनं अध्यक्षांच्या हातात दिला.

हसण्याच्या गलक्यात सुचेताबाई उठून माईकपाशी गेल्या. "अध्यक्ष, खरा निकाल काय होता हो?"

विश्वासराव धापा टाकत होते. शेकडो माणसं त्यांच्याकडे बघत होती. खोटं बोलायला त्यांच्याजवळ ध्वनिमुद्रित आवाज होता, हा मात्र त्यांचा स्वतःचा होता.

"शून्य-शून्य," ते म्हणाले. "कप दोघांत."

"मग तसंच ठेवा की! मला याच्यातच जास्त घाम दिसला."

बक्षीस दुसऱ्याच मंडळाच्या कुंभकर्णाला मिळालं. पण बनशंकरीतल्या गर्दीला त्याचं काय! विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी लोक अनवाणी होऊन रांग लावायचे. प्रत्येकाला एकदा भारत व्हायचं होतं. अण्णा कुणाला दाद देत नव्हते. मंडपाबाहेरच्या फळ्यावर लिहिलेला शून्य-शून्य हलला नाही, आणि अण्णांच्या अंगात मात्र वारं शिरलं. घरी चहाचा कपसुद्धा ते पंजा पसरून घ्यायला लागले. भाजीवाल्यालाही सांगायचे, "फेका, फेका, धरतो मी."

शेवटच्या संध्याकाळी रांग संपली. अण्णा दोन्ही हात वर करून लोकांचे नमस्कार घेत होते. तेवढ्यात हौसेनं पुन्हा बर्माची लुंगी नेसून आलेल्या भाग्यलक्ष्मीवहिनी पुढे झाल्या. त्यांनी चप्पल बाजूला काढली आणि पायाच्या अंगठ्यानं चेंडू हलकेच ढकलला. तो अण्णांच्या दोन पायांमधून, कसलीही घाई न करता, मच्छरदाणीत जाऊन बसला.

"ए, हे चालत नाही!" अण्णा गर्रकन वळले. "मी तयार नव्हतो! आणि तू बर्मा आहेस! ही मॅच भारताची!"

"स्वल्प खाली पण बघत जावा," वहिनी म्हणाल्या आणि केसांतलं फूल नीट केलं.

"विश्वासराव, तुम्ही सांगा! शून्य-शून्य म्हणजे शून्य-शून्य!"

विश्वासरावांनी माईक हातात घेतला. घसा साफ केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर अण्णांसारखं गोड हसू उमटलं होतं.

"भारत शून्य," त्यांनी भारदस्त आवाजात जाहीर केलं, "पाकिस्तान शून्य, बर्मा एक."