सावकाश म्हणजे किती सावकाश

अमरावती ते अकोला हा दोन तासांचा रस्ता आम्ही साडेचार तासांत कापला. यात रस्त्याचा, गाडीचा किंवा ड्रायव्हरचा काहीही दोष नव्हता. दोष मराठी भाषेचा होता. ती मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवली, म्हणजे फिरून दोष माझाच.

माझा धाकटा भाऊ प्रल्हाद परतवाड्याला राहतो. परतवाडा ते सेमाडोह जीप चालवतो. घाटातल्या वळणावर त्याच्या गाडीत बसलं की नास्तिक माणसालाही तेहतीस कोटी देवांपैकी निदान पाच-पंचवीस नावं आठवतात. माझ्या लेकीचं, स्नेहलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याला जठारपेठेत करायचं ठरलं, तेव्हा तो आपण होऊन आला आणि म्हणाला, भाचीचं साक्षगंध आहे, पुढची गाडी मामाची. मला नाही म्हणता येईना. हो म्हणायचीही हिंमत होईना, कारण मुलाचे वडील निवृत्त स्टेशनमास्तर. चहाला बोलावलं तरी अकरा वाजून दहा मिनिटांनी या, असं सांगणारे. आम्ही वेळेत पोचणं जरुरीचं होतं, पण त्याआधी जिवंत पोचणं जरुरीचं होतं.

म्हणून आदल्या संध्याकाळी मी प्रल्हादला समोर बसवून तास घेतला. म्हटलं, उद्या गाडी सावकाश चालवायची.

"म्हंजे हयूहयू ना, ताई?"

इथेच मी 'हो' म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोर विद्यार्थी बसला की माझी जीभ थांबत नाही. मी त्याला सांगितलं, की हळू म्हणजे नुसता वेग कमी. सावकाश हा फार मोठा शब्द आहे. स अधिक अवकाश! अवकाश म्हणजे मोकळी जागा, मोकळा वेळ. मनात घाई नको, चाकात घाई नको. गाडीत पाण्याने काठोकाठ भरलेला गडवा ठेवला तरी थेंब सांडता कामा नये, त्याला म्हणतात सावकाश. प्रल्हाद मान खाली घालून ऐकत होता. (चौथीत असताना असाच ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी नापास व्हायचा, म्हणून मी निर्धास्त नव्हते.) शेवटी त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

मग मी बाकीचे हुकूम सोडले. गाडी चालवताना प्रल्हादने फोन उचलायचा नाही. मागच्या दोन्ही गाड्यांनी मामाच्या जीपच्या पुढे जायचं नाही, मानाची गाडी आहे. स्नेहलने मोबाइल माझ्याकडे द्यायचा, साक्षगंधाच्या दिवशी मुलीच्या हातात ते खेळणं शोभत नाही. आमच्या ह्यांना फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून व्याह्यांना फक्त माझाच नंबर दिलेला होता. त्याच झोकात मी व्याह्यांना फोन करून म्हटलं, तुम्ही सगळं सावकाश करा, आमची काही घाई नाही.

साक्षगंध साडेदहाचं, म्हणून सकाळी आठला निघालो. जीपमध्ये पुढे मी आणि प्रल्हाद, आमच्या मधोमध पाण्याने भरलेला पितळी गडवा. मला वाटलं, पिण्यासाठी घेतला असेल. मी ओकारी होऊ नये म्हणून गोळी घेतली, दोन्ही मोबाइल आवाज बंद करून पर्समध्ये टाकले आणि बडनेरा यायच्या आत झोपले. अशी गाढ झोप मला त्याच्या गाडीत कधी लागली नव्हती. तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढचं मला नंतर ह्यांनी सांगितलं. ते आणि स्नेहल मागच्या गाडीत होते. जीप ताशी सोळाच्या पुढे जाईना. कुटाराने, म्हणजे गुरांच्या भुश्याने भरलेला एक ट्रॅक्टर शेजारून पुढे निघून गेला आणि तिन्ही गाड्यांवर कुटार पेरून गेला. नंतर एक सायकलवाले म्हातारेबुवा आले. ते बराच वेळ प्रल्हादच्या खिडकीशी गप्पा मारत चालले आणि कंटाळून पुढे गेले. जीपला झेंडूच्या माळा, मागे दोन गाड्या, सगळ्या मुंगीच्या पावलांनी! एका गावाच्या फाट्यावर हॉटेलासमोर बसलेली माणसं उठून उभी राहिली, टोप्या काढल्या, हात जोडले. एकाने मागच्या गाडीत वाकून ह्यांना हळू आवाजात विचारलं, कोण गेलं?

ह्यांनी मला एकोणीस फोन केले. हॉर्न मात्र एकदाही वाजवला नाही, कारण तू रागावशील असं वाटलं, म्हणाले.

मला जाग आली तेव्हा समोर पाटी होती, मूर्तिजापूर. घड्याळात अकरा वीस. माझी बत्तीस वर्षांची प्रमाण मराठी त्या क्षणी खिडकीतून बाहेर पडली.

"काहून रे, इतक्या हयू काहून चालवून राहिला?"

"तूच तं म्हणे, थेंब सांडू द्यायचा नाही," प्रल्हाद गडव्याकडे बोट दाखवून म्हणाला. "हे पाय, एक थेंब नाही सांडला. लहानपणापासून तू म्हणतं, पल्हाद आयकत नाही. एक डाव तरी आयकून दाखवावं म्हटलं."

मी एवढंच म्हटलं, की आता नेहमीसारखी चालव. त्याचा चेहरा उजळला. त्याने गिअर टाकला आणि गडवा अख्खाच्या अख्खा माझ्या मांडीवरच्या नव्याकोऱ्या पैठणीत रिकामा झाला.

पर्स उघडून पाहिली. व्याह्यांचे अकरा फोन. मी उलट फोन केला, तर त्यांनी उचलला नाही.

साडेबारा वाजता जठारपेठेतल्या हॉलपाशी उतरलो. आत खुर्च्या एकावर एक रचणं चाललं होतं. व्याही पायरीवर उभे होते, हातात पेढ्यांचा खोका. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुमी काल म्हटलं, आमची काही घाई नाही. आज फोन उचलला नाही," ते शांतपणे म्हणाले. "आमी समजलो, तुमच्या मनात हे स्थळ नाही. तोंडावर सांगायचं होतं, बाई."

मागे स्नेहल उभी होती. केसात कुटार, डोळ्यात पाणी. मी घाईघाईने सांगायला लागले, की सावकाश हा शब्द स अधिक अवकाश असा आहे आणि... स्नेहलने माझा दंड धरला.

तेवढ्यात प्रल्हाद पुढे झाला. "साहेब, चूक माही हाये," म्हणाला. "ताईनं सांगितलं सावकाश. मले किती ते समजलं नाही."

त्या माणसाने साडेतीन तास माझ्यासाठी गाडी नव्हे, स्वतःचा स्वभाव आवळून धरला होता. आता माझी चूकही तो स्वतःच्या अंगावर घेत होता. मग मला राहवेना. मी ओल्या पैठणीत तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. तास, गडवा, गोळी, पर्समधले फोन, काहीही लपवून ठेवलं नाही. टोप्या काढणाऱ्या माणसांचं ह्यांनी मागून सांगितलं, तेव्हा आत कोणीतरी फसकन हसलं. तो नवरामुलगा होता. त्याने स्नेहलकडे पाहिलं, तीही रडता रडता हसली. दोघं हसायला लागल्यावर स्टेशनमास्तर कोणाला लाल दिवा दाखवणार? त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मागे वळून सांगितलं, खुर्च्या मांडा रे परत.

एक वाजून पाच मिनिटांनी अंगठ्या घातल्या. जेवणाच्या पंगतीत व्याह्यांनी प्रल्हादला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि घाटात आजवर एकही अपघात कसा केला नाही, ते बारकाईने विचारून घेतलं.

आता पुढच्या महिन्यात लग्न आहे, तेही अकोल्यालाच. पाहुण्यांच्या गाड्यांची सगळी व्यवस्था व्याह्यांनी प्रल्हादकडे सोपवली आहे. मी मात्र रेल्वेने जाणार. माझं तिकीट त्यांनी स्वतः काढून पाठवलंय, आदल्या दिवसाचं.