नाव त्यानंच सांगायचं

हेडफोनमधला आवाज असा अचानक तुटतो, की शर्वाणीला स्वतःचाच श्वास परका वाटू लागतो. क्षणापूर्वी तिथे एक पुरुष बोलत होता; आता नुसती शांतता, आणि तीही कुणीतरी दाराआड दबा धरून उभं असावं तशी. देवगडच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, चैत्रातली दुपार कलते आहे. वारा पडलेला. समुद्र तेल ओतल्यासारखा निपचित. रेडिओवरचं बोट न काढता ती डोळे मिटते.

आवाज इथल्या मच्छीमारांचा नव्हता, रत्नागिरीच्या रेडिओ क्लबातल्या कुणाचाही नव्हता. गेल्या वर्षी वारलेल्या वामनमामानं असाच एक आवाज ऐकला होता. समुद्रापलीकडून, थेट अरबस्तानातून आला, असं त्यानं क्लबात सांगितलं आणि मंडळी हसली. व्हीएचएफच्या रेडिओलहरी क्षितिजाशी संपतात, एवढंही मामाला ठाऊक नाही? मामा गेला तो त्या हसण्यासकट. आज हा माणूस कुठला ते कळलं, तर ते हसू पुसता येईल.

"काय गो, निजलीस?"

टाकीच्या कठड्यावर मामा बसला आहे, पाय खाली सोडून. पायांखाली गच्ची नाही, पाणी आहे.

"मामा, तो आला होता. मस्कतचाच असणार. क्लबात सांगू?"

"त्यानं सांगितलं तुला, मी मस्कतचा म्हणून?"

"नाही. पण उच्चारावरून…"

"मग तू कोण त्याचं बारसं करणारी?"

हा त्याचा जुना नियम. अनोळखी स्टेशनला, म्हणजे पलीकडून बोलणाऱ्याला, तर्कानं नाव द्यायचं नाही. त्याच्या तोंडून, आपल्या कानांनी ऐकेपर्यंत ते निनावीच.

आता ती दोघं क्लबाच्या हॉलमध्ये आहेत. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या ओळींमधून समुद्र संथ वाहतो आहे.

"हसणारे कुठे गेले?"

"चहाला. तू तिकडे बघ."

खिडकीबाहेर, क्षितिजाच्या वर, एक जहाज हवेत टांगलेलं आहे. त्याखाली रिकामं, लकाकतं आकाश.

"गार हवेवर ऊन हवेची चादर पसरली, की नजर वाकते," मामा म्हणतो. "नजर वाकते, मग आवाजानं काय घोडं मारलंय? अँटेनाचं तोंड कुठे आहे तुझ्या?"

"मुंबईकडे."

"मग मुंबईलाच विचार, बाई."

तिला हसू फुटतं. अँटेनाचा गंजलेला पाइप धक्क्याच्या टोकाशी उभा आहे. दोघं मिळून तो पश्चिमेला फिरवतात. पाइप करकरतो. प्रत्येक करकरीसरशी पाण्याखालून आवाज वर येतो: आधी सुपात पाखडल्या जाणाऱ्या दाण्यांसारखा, मग खाकरल्यासारखा, मग शब्दांच्या अगदी उंबऱ्यापर्यंत.

"मामा, तू ऐकलेला तो हाच का रे? एकदा हो म्हण. तेवढं मला पुरे."

मामा तिच्याकडे पाहतो. डोळ्यांत तीच मिस्कील, चिडवणारी चमक. अर्ध्या चड्डीला हात पुसतो, पाठ फिरवतो आणि चालू लागतो. धक्का संपतो; तो चालतच राहतो, तेलकट पाण्यावरून, त्या अधांतरी जहाजाच्या दिशेनं.

शर्वाणी डोळे उघडते. ऊन टाकीवरून उतरलं आहे. उजव्या तळव्यावर गंजाची रुंद, तांबूस पट्टी आहे. आज तिनं टाकीशेजारच्या अँटेनाच्या पाइपला हातही लावलेला नाही.

आणि हेडफोनमध्ये, अंगणापलीकडून कुणी हाक मारावी इतक्या स्वच्छपणे, तो माणूस आपलं नाव सांगतो, अक्षर अक्षर सुटं करून. मग गावाचं: मस्कत.

तांबूस हातानं ती माइक उचलते.