हळदीच्या ओळी

आवडाबाईंच्या बायबलात शाईची एक खूण सापडायची नाही. देवाची अभिवचनं हळदीनं रंगवलेली, आज्ञा निळीनं, इशारे गेरूनं. काडीपेटीतली काडी भिजवायची, रंगात टेकवायची आणि ओळीवरून हलकेच फिरवायची. तीस वर्षं त्या उस्मानपुऱ्यापासून चितेगावापर्यंत घरोघरी वाचायला जात होत्या. कुणाच्या आजारपणात, कुणाच्या मयतीला. अध्यायांचे आकडे त्यांना कधीच आठवायचे नाहीत. "डावं पान, खाली, पिवळं," असं पुटपुटत बरोबर तिथं बोट ठेवायच्या.

पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येत होता त्या उन्हाळ्यात त्यांचा मोतीबिंदू वाढला. रक्तातली साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बारीक अक्षर दिसेनासं झालं, आणि जुनी हळदही उडून गेली होती.

"बघ सत्यभामा," त्या मला, त्यांच्या शेजारणीला, म्हणाल्या, "इशारे तसेच हायेत, अभिवचनंच आधी उडाली."

हसल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून घरोघरी जाणं थांबलं. मी म्हटलं, "मी वाचते, तुम्ही नुसत्या शेजारी बसा."

"मग मी कशाला येऊ? सतरंजी म्हणून?"

त्यांची नात श्रेया कॉलेजात जायची. तिनं आपल्या टॅबमध्ये बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं. ओळी रंगवायची सोय होती, रंग आपल्या मनासारखा करून त्याला नावही देता यायचं. आवडाबाईंनी नावं सांगितली: हळद, नीळ, गेरू.

मग रोज दुपारी आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर बसायचो. मी जुनं बायबल उजेडाकडे तिरपं धरून पिवळी छटा हुडकायची आणि टॅबवर तीच ओळ रंगवायची. माझ्या रोजच्या वहीत प्रार्थनेच्या खाली त्या दिवशी किती ओळी झाल्या ते लिहायची. सव्वीस दिवसांत हळदीच्या तीनशे चौदा झाल्या; नीळ आणि गेरू बाकीच होते.

हळद संपली तेव्हा आवडाबाईंनी पहिल्यांदाच टॅब नाकाशी धरला. "अक्षर दिसायलंय. हळद कुठंय?"

पांढऱ्यावरचं पिवळं त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हतं.

त्याच आठवड्यात चितेगावहून सर्जेरावचा फोन आला. तिथल्या कारखान्यात कामाला असतो तो. त्याची आई वारली होती. गुरुवारी सांत्वनाची प्रार्थना होती आणि म्हातारीनं बजावून ठेवलं होतं, माझ्या मागं वाचायचं ते आवडाबाईनंच. आवडाबाई 'येते' म्हणाल्या आणि फोन ठेवून कितीतरी वेळ पदराशी चाळा करत बसल्या. दोन दिवस त्या नीट जेवल्याही नाहीत.

बुधवारी श्रेयाची परीक्षा होती, ती मदतीला नव्हती. मी मनात म्हटलं, सर्जेरावच्या आईच्या आवडीची एक ओळ तरी यांना दिसू दे. त्या ओळीवर बोट दाबून धरलं, तर रंगांची यादी उघडली. त्यात भरीव रंगाऐवजी चौकट घेतली, गडद रंग घेतला, रेघ जाड केली आणि 'जतन करा' दाबलं. ओळीला छान काळपट चौकट आली. पान सरकवलं, तर तिथंही चौकट. त्याच्या पुढंही. पिवळं कुठंच उरलं नव्हतं.

"आवडाबाई, मी सगळ्याचं वाटोळं केलं हो! सव्वीस दिवसांचं!"

"कामून रडायलीस? आण इकडं."

त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला. मान वाकडी केली. मग बोट ओळीच्या कडेकडेनं फिरू लागलं.

"अगं बाई... हे तर दिसायलंय की मला! लुगड्याचा काठ हाय जणू." पान सरकवलं. "इथंबी हाय. इथंबी!"

मी डोळे पुसता पुसता देवाचे आभार मानत होते आणि हसतही होते. संध्याकाळी श्रेया म्हणाली, "काकू, रंगातच बदल केला की त्या रंगाच्या सगळ्या ओळी बदलतात. आजी, पिवळं पाहिजे असेल तर एका मिनिटात परत करते."

"हात लावून तर बघ! जरा करपली असंल, पण हळदच हाय."

गुरुवारी आम्ही पैठण रोडनं बसनं गेलो. शेतांमधून प्लॉटचे दगड उभे होते, हिरवं म्हणून काही नव्हतं. सर्जेरावच्या पत्र्याच्या खोलीत माणसं दाटीनं बसली होती. आवडाबाईंनी पिशवीतून टॅब काढला तसं दारातलं कुणीतरी कुजबुजलं, "म्हातारी पाटीवर वाचती काय?"

"व्हय," आवडाबाई वर न बघता म्हणाल्या, "पहिलीत घातलंय मला परत."

आणि त्या वाचू लागल्या. एका चौकटीवरून दुसरीवर, कुठंही न अडखळता, त्यांच्या नेहमीच्या संथ आवाजात. सर्जेराव आईच्या फोटोखाली गुडघ्यात डोकं घालून बसला होता. तिसऱ्या ओळीला त्यानं मान वर केली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी माझ्याकडून भाजलेले शेंगदाणे मागून घेतले. खाता खाता म्हणाल्या, "उद्यापासून गेरूच्या ओळी घे, त्यालाबी काठ लाव. पण बारीक लाव हं. इशारे लोकाला एवढे ठळक नकोत."